खानेसुमारीचे प्रश्न आणि उत्तरांचा भरवसा

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेने देशाच्या सोळाव्या खानेसुमारीचा मार्ग मोकळा झाला. २०२१ साली व्हावयाची ही गणना प्रथम कोरोनाच्या साथीमुळे लांबणीवर पडली आणि साथ ओसरल्यावरही लांबतच गेली. हिमाच्छादित प्रदेश वगळता उर्वरित देशासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी मुक्रर करण्यात आली. आधी घरांची यादी आणि मग माणसांची मोजणी असे दोन टप्पे ठरले. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकाची जात नोंदविली जावयाची आहे. अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर सर्व जातींची आकडेवारी खानेसुमारीतून प्रसिद्ध झाली ती १९३१ मध्ये. त्यानंतरचा हा पहिलाच प्रयत्न.

या निर्णयावर चर्चा पुष्कळ झाली. जातीची नोंद व्हावी की न व्हावी, झाली तर आरक्षणाच्या मर्यादेचे काय होणार, लोकसभेच्या मतदारसंघांची फेररचना कोणाच्या पथ्यावर पडणार, या प्रश्नांनी व्यासपीठे दुमदुमली. परंतु प्रगणक दारात उभा राहील तेव्हा तो नेमके काय विचारील, कोणत्या शब्दांत विचारील, आणि दार उघडणाऱ्याला खरे उत्तर द्यावेसे का वाटावे, याची चिकित्सा करण्याची निकड फारशी कोणाला भासलेली दिसत नाही. वास्तविक मोजणीचे यशापयश तेथेच ठरावयाचे असते. बेरजेतील चूक मागाहून दुरुस्त करता येते. चुकीच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर कोणतेही गणकयंत्र सुधारून देत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या खानेसुमारीच्याच इतिहासात आहे. १९६१ च्या गणनेत देशातील काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सहा कोटींच्या घरात भरली होती. दहा वर्षांनी ती तीन कोटींच्या थोडी वर येऊन थांबली. शंभर स्त्रियांमागे काम करणाऱ्या २८ होत्या, त्या १२ उरल्या. या दशकात शेतातून बायका हद्दपार झाल्या नव्हत्या, की लावणी-खुरपणीची यंत्रे गावोगाव पोहोचली नव्हती. बदलला होता तो प्रश्न. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाकाठी तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती ‘कामकरी’ धरली गेली. १९७१ मध्ये प्रत्येकाचा ‘मुख्य उद्योग’ कोणता हे आधी विचारले गेले. पहाटे चूल पेटविणारी, दिवसभर दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या शेतात राबणारी आणि सांजेला पुन्हा चुलीपाशी बसणारी स्त्री या प्रश्नाला ‘घरकाम’ हेच उत्तर देणार, किंबहुना तिच्या वतीने तिचा नवरा तेच देणार, हे प्रश्न रचणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. दुय्यम कामाची चौकशी पुढे होती. पण ‘घरकाम’ असा शिक्का एकदा पडला की पुढच्या रकान्यात फार काही उमटत नाही.

चूक उमगली हे मान्य केले पाहिजे. १९८१ साली ‘गेल्या वर्षात कधीही, काहीही काम केले काय?’ असा प्रश्न प्रथम ठेवण्यात आला, आणि शंभरातील १२ चे प्रमाण २० च्या आसपास गेले. १९९१ मध्ये तर घरच्या शेतात किंवा धंद्यात केलेले बिनमोबदला कामही यात धरावे, असे शब्द प्रश्नातच घातले गेले; प्रमाण २२ च्या वर सरकले. हे आकडे समोर ठेवून ‘स्त्रियांचा श्रमातील सहभाग वाढला’ असे निष्कर्ष ज्यांनी काढले असतील त्यांनी वस्तुतः प्रश्नपत्रिकेचा इतिहास वाचला, समाजाचा नव्हे. कोट्यवधी माणसे एका वाक्याच्या रचनेने गणतीतून नाहीशी होतात आणि दुसऱ्या वाक्याने परत येतात, ही गोष्ट साधी नाही. रोजगाराच्या योजना, मजुरीचे दर, पाळणाघरांची तरतूद हे सारे त्या गणतीवर बेतलेले असते.

महाराष्ट्राला हा प्रकार परका नाही. ऊसतोडणीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल दिली जाते ती कोयत्याला, आणि बहुधा ती नवऱ्याच्या हाती पडते; मुकादमाच्या हिशेबात बाई स्वतंत्रपणे येतच नाही. अशा घरी जाऊन ‘कमावणारे किती?’ असे विचारले तर ‘एक’ हे उत्तर मिळेल, आणि देणारा खोटे बोलतो असेही म्हणता येणार नाही. तो आपल्या व्यवहाराच्या भाषेत बोलतो आहे. प्रश्न रचणाऱ्याला ही भाषा ठाऊक नसेल तर दोष कोणाचा? उन्हातान्हात मोळ्या बांधणाऱ्या आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या बाईचा तर खचितच नव्हे.

यावेळच्या गणनेत लोकांना आपली माहिती आपणच संगणकीय पद्धतीने भरण्याची मुभा आहे. ही सोय स्वागतार्ह असली तरी तिच्यात एक खाच आहे. शिकलेल्या घरात ती माहिती बहुधा कुटुंबप्रमुख भरणार. घरी शिकवण्या घेणारी, डबे करून देणारी, शिवणकाम करणारी पत्नी त्याच्या लेखी ‘काही करीत नाही’ ठरण्याचा संभव खेड्यातल्याहून कमी नाही. दारात आलेला प्रगणक निदान ‘आणखी काही करतात का?’ असे खोदून विचारू शकतो. पडद्यावरच्या प्रश्नातच ती खोदाखोद लिहिलेली नसेल, तर तेथे खोदणार कोण?

जातीच्या प्रश्नाची अडचण याहून निराळी आहे. २०११ च्या खानेसुमारीच्या पाठोपाठ, पण खानेसुमारीच्या कायद्याबाहेर, सामाजिक-आर्थिक व जात गणना झाली. तिच्यात जातीचा रकाना मोकळा होता. घरच्याने जे सांगितले ते प्रगणकाने जसे ऐकू आले तसे लिहिले. परिणामी देशभरातून ४६ लाखांहून अधिक जातींची नावे गोळा झाली. १९३१ मध्ये ही संख्या ४,१४७ होती. महाराष्ट्र शासनाच्या याचिकेला उत्तर देताना केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जे प्रतिज्ञापत्र ठेवले, त्यात आपल्या राज्याचाही हिशेब होता: शासनाच्या याद्यांतील जाती ४९४ आणि गणनेत आलेली नावे सव्वाचार लाखांवर. कोणी कूळ सांगितले, कोणी गोत्र, कोणी आडनाव, कोणी पोटजात. आणि एकाच नावाची प्रगणकागणिक निराळी अक्षरे झाली. इतर मागासवर्गांच्या राजकीय आरक्षणासाठी महाराष्ट्राला ही आकडेवारी हवी होती. ती वापरण्याजोगी नाही, असे उत्तर पदरी पडले.

कोट्यवधी घरांचे उंबरठे झिजवून, पैसा आणि मनुष्यबळ खर्चून केलेली ही मेहनत एका मोकळ्या रकान्याने वाया घालविली. यावर उपाय म्हणून आधी तयार केलेल्या सांकेतिक यादीतून जात निवडण्याची पद्धत सुचविली जाते, आणि ती मुळात योग्यच आहे. परंतु यादी केली म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. यादीत नाव कोणी घालायचे, एका समाजाची दोन जिल्ह्यांतील दोन नावे एकत्र धरायची की वेगळी, ‘इतर’ हा रकाना ठेवला तर त्यात किती जण कोंबले जातील, हे सारे मोजणीच्या पुष्कळ आधी, उघडपणे आणि त्या त्या राज्यातील जाणत्यांना विचारून ठरले पाहिजे. यादी आधी प्रसिद्ध झाली तर तिच्यावर वाद होतील हे खरे. पण वाद आधी झालेले बरे; मोजणीनंतर झालेला वाद न्यायालयात जातो आणि आकडे कपाटात.

शिवाय ज्या उत्तराला लाभ किंवा तोटा चिकटलेला आहे, ते उत्तर निव्वळ माहिती राहत नाही. तो एक दावा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी खानेसुमारीत आपली जात वरच्या वर्णात लिहिली जावी म्हणून जातिसंस्था आयुक्तांकडे अर्जविनंत्या करीत. आज ओढ उलट्या दिशेची आहे एवढाच फरक. १९५१ मध्ये पंजाबात मातृभाषेच्या प्रश्नावर इतकी चुरस माजली की हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी या भाषांचे आकडे वेगवेगळे न देता एकत्रच द्यावे लागले. लोकांनी भाषा सांगितली नव्हती, आपला पक्ष सांगितला होता. अशा वेळी प्रश्नाचे शब्द कितीही काटेकोर असोत, ते पुरे पडत नाहीत. व्यक्तीचे उत्तर व्यक्तीच्या दाखल्यासाठी वापरले जाणार नाही, गणनेत काही लिहिले म्हणून कोणाला सवलत मिळणार नाही की कोणाची जाणार नाही, हे प्रश्नापूर्वी सांगितले गेले पाहिजे. आणि छापील माहितीपत्रकात नव्हे, तोंडाने.

माणसाच्या स्मरणशक्तीविषयी येथे थोडे सांगावयास हवे, कारण तिच्यापायी या देशातील दारिद्र्याचाच आकडा एकदा डळमळला होता. दांडेकर आणि रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ मध्ये मांडलेले दारिद्र्याचे विवेचन ज्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभे होते, ती पाहणी कुटुंबाला गेल्या ३० दिवसांचा खर्च विचारीत असे. १९९० नंतरच्या दशकात प्रयोगादाखल काही कुटुंबांना खाण्यापिण्याचा खर्च ३० ऐवजी ७ दिवसांचा विचारण्यात आला, आणि खर्चाचे आकडे इतके फुगले की गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली! मग १९९९-२००० च्या पाहणीत तडजोड म्हणून एकाच पानावर दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले गेले. सात दिवसांचे उत्तर देऊन झाल्यावर महिन्याचे उत्तर देणारी गृहिणी चारने गुणून मोकळी होईल, किंवा दोन्ही आकडे जुळत नाहीत असे पाहून पाहणी करणाराच ते जुळवून घेईल, ही शंका अभ्यासकांनी तेव्हाच बोलून दाखविली. सरकारने दारिद्र्य ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर केले. त्यांतील किती घट गरिबांच्या ताटात पडली आणि किती रकान्यांच्या शेजारामुळे झाली, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. अँगस डीटन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ या वादात उतरले होते. त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या अनुभवातून काहीच शिकले गेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत प्रश्नावलीचे तीन भाग करून एकाच कुटुंबाकडे तीन निरनिराळ्या महिन्यांत जाण्याची पद्धत अवलंबिली गेली. एका बैठकीत शेकडो वस्तूंचा हिशेब देताना माणूस कंटाळतो आणि शेवटच्या पानांवर ‘नाही’, ‘नाही’ म्हणत सुटतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण. याच्या अगदी उलट उदाहरण जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात पाहावयास मिळाले. मराठा समाजाचे मागासलेपण तपासण्यासाठी राज्य मागासवर्ग आयोगाने घरोघर केलेल्या पाहणीत दीडशेहून अधिक प्रश्न होते, आणि कोट्यवधी कुटुंबांचे काम साऱ्या दहा-अकरा दिवसांत उरकावयाचे होते. राज्याच्या एवढ्या नाजूक प्रश्नाचा निवाडा ज्या उत्तरांवर व्हावयाचा, ती उत्तरे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही श्वास घेण्याइतका वेळ असू नये, ही घाई समर्थनीय नव्हती.

प्रश्न चांगला आहे, आटोपशीर आहे, तरी माणूस उत्तर देत नाही, तेव्हा काय करावे? अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी पत्रिका पाठविल्या. त्यांपैकी चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांच्या बळावर लँडन निवडून येणार असे भाकीत केले गेले. ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्रिका धाडल्या गेल्या त्या दूरध्वनी आणि मोटारगाड्या बाळगणाऱ्यांच्या याद्यांवरून, हे कारण नेहमी सांगितले जाते. पण ज्यांनी त्या परत धाडल्या आणि ज्यांनी धाडल्या नाहीत ते एकाच मताचे नव्हते, हेही तितकेच खरे होते. न बोलणारा माणूस बोलणाऱ्यासारखाच असतो, हे गृहीतच फसवे.

आपल्याकडे न बोलणारे दोन टोकांना आहेत. एका टोकाला मुंबई-पुण्याच्या उंच इमारती, जेथे फाटकावरचा रखवालदार वर फोन करून प्रगणकाला परस्पर वाटेला लावतो. दुसऱ्या टोकाला भय आहे. २०२० च्या आरंभी नागरिकत्वाच्या प्रश्नावरून देश ढवळून निघाला असताना कागद घेऊन दारात आलेला प्रत्येक माणूस संशयित ठरला. ज्यांचा त्या वादाशी सुतराम संबंध नव्हता अशा पाहण्यांच्या कर्मचाऱ्यांनाही त्याची झळ बसली. १९४८ च्या खानेसुमारी कायद्याच्या १५ व्या कलमानुसार प्रगणकाने भरलेली नोंद कोणाला पाहता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे संरक्षण भक्कम आहे. परंतु ते किती घरांना ठाऊक आहे? उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि न दिल्यास दंड आहे, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. दंडाच्या धाकाने दार उघडते. तोंड उघडेलच असे नाही.

त्याच कायद्याच्या आठव्या कलमात एक विलक्षण परंतुक आहे. घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कोणावर नाही, आणि पतीचे, दिवंगत पतीचे किंवा रूढीने जे नाव घेणे वर्ज्य आहे ते उच्चारण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाण्यातच, अशी जेथे रीत होती त्या महाराष्ट्राला याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. कायदा करणाऱ्यांनी रूढीचे कौतुक केले नव्हते. उत्तर देणारीचा संकोच हा मोजणीतला एक खरा अडसर आहे, हे ओळखले होते. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हीच दृष्टी पुढे गेलेली दिसते. घरातील मारहाणीचे प्रश्न तेथे एका घरात एकाच स्त्रीला, तेही एकांतात विचारले जातात; एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून दिला जातो. उत्तर हवेच असा हट्ट धरण्यापेक्षा उत्तर देणारीला इजा होऊ नये, हे महत्त्वाचे मानले गेले आणि म्हणूनच जी उत्तरे आली त्यांना वजन आले.

लोकांनी बोलावे असे वाटत असेल तर त्यांनी पूर्वी सांगितलेल्याचे काय झाले हेही त्यांना कळले पाहिजे. २०११ च्या गणनेतील जातीचे आकडे बाहेर आले नाहीत. २०१७-१८ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये रोखून धरण्यात आले. कारण खरे असेल, तर प्रश्नावलीत आणि मोजणीत काय चुकले ते तपशीलवार सांगावयास हवे होते. तास दोन तास बसून घरातल्या मीठमिरचीचा हिशेब देणाऱ्या माणसाला एवढे विचारण्याचा हक्क नक्कीच आहे.

आणि हे प्रश्न विचारावयाचे कोणी? प्राथमिक शिक्षकाने. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सोडविले, पण दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण हे अपवाद ठेवले. माणसांची मोजणी फेब्रुवारीत यावयाची, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर. गावातल्या प्रत्येक घराची ओळख असलेला गुरुजी हा उत्तम प्रगणक असतो यात शंका नाही. त्याच्यापुढे माणूस मोकळेपणी बोलतो. पण दोन-चार दिवसांच्या घाईच्या प्रशिक्षणात हाती यंत्र देऊन, शाळा सांभाळून संध्याकाळी तीनशे घरे फिरा असे सांगितले, तर तो प्रश्न वाचून दाखविण्याऐवजी उत्तरे गृहीत धरू लागेल. ‘बाई घरीच असतात ना?’ असे विचारले की उत्तर ठरल्यासारखेच असते. मानधन वेळेवर देणे, मोजणीच्या काळात शाळेच्या कामातून खरी सुटका देणे आणि जातीची यादी व कामाचा प्रश्न यांवर प्रत्यक्ष सराव करून घेणे, यांवर होणारा खर्च हा मोजणीच्या दर्जाचाच खर्च आहे.

फेब्रुवारी हा ऊसतोडणीचाही ऐन हंगाम. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कित्येक गावांची दारे त्या महिन्यात कुलूपबंद असतात. घरात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुले. तोडणी करणारे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांत. गणनेच्या साऱ्या काळात जो नेहमीच्या घरी नाही त्याची मोजणी तो जेथे आढळेल तेथे व्हावी, असा खानेसुमारीचा आजवरचा नियम आहे. पण कोपीतल्या माणसाला ‘तुम्ही कुठे राहता?’ असे विचारले तर तो आपल्या गावाचेच नाव सांगणार. आणि गावातला प्रगणक कुलूप पाहून ‘बाहेरगावी’ असे लिहून पुढे जाणार. कारखान्यांच्या क्षेत्रातील प्रगणकांना फडांच्या आणि टोळ्यांच्या याद्या आधी मिळतील काय, पहाटे चारला तोडीला निघालेल्या जोडीला ते नेमके केव्हा गाठतील, आणि गाठल्यावर कोयता एक असला तरी माणसे दोन लिहितील काय, हे जानेवारी संपण्यापूर्वी ठरले पाहिजे.